दगडावरची खालची ओळ

पाथर्डीकडचं पाणी आटलं त्या वर्षी मी नगरला आले आणि एका जुन्या कॉलेजच्या आवारात झाडलोट करू लागले. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणारी म्हातारी मावशी त्याच आवारात वाढलेली. एकेक जागा मला तिच्याकडूनच कळली. ग्रंथालय म्हणजे पूर्वीचा गोऱ्या साहेबांचा तबेला. दमट हवेत पुस्तकांना अजून लिदीचा वास येई. मनोऱ्यातली घंटा कधीच काढून नेली होती. दोरी तेवढी लोंबत होती. वारा नसतानाही ती हलताना मी पाहिली आहे.

मनोऱ्यामागे लहानसं कबरस्तान होतं. मावशी तान्ही असताना तिची आई प्लेगात गेली, मुलगी वाचली आणि मिशनच्या मडमेनं तिला वाढवलं, असं तिला सांगितलेलं. दर ईस्टरच्या आधी ती आईच्या कबरीला चुना लावी. लावून लावून अक्षरं बुजली होती. तिला वाचताही येत नव्हतं.

मग नोटीस लागली. नव्या इमारतीसाठी जागा मोकळी करायची होती. ज्यांचं कुणी असेल त्यांनी क्लार्कला कबर दाखवावी, नाव पटलं तर ती राहील. मावशीला मेल्यावर आईशेजारीच जायचं होतं.

"पोरी, तू चौथी शिकलीस ना? क्लार्क यायच्या आत चुना खरवड अन् वाच."

भर दुपार होती. मी खुरप्यानं खरवडू लागले. वरच्या ओळीत तिच्या आईचं नाव निघालं. मी वाचलं तशी मावशी हसली. "बघ, म्हनलं न्हवतं?"

मग खालची ओळ निघाली. 'आणि तिची तान्ही मुलगी.' दोघींच्या मृत्यूची तारीख एकच.

मावशी माझ्या मागेच उभी होती. वळून बघायचं मला धाडस झालं नाही.

"खाली काय हाय गं?"

"वचन हाय, मावशी. बायबलातलं."

"मग वाच की. वचन वाचायला बी लाजतीस व्हय?"

"अक्षरं झिजलीत."

क्लार्कनं ती ओळ वाचली असती तर विचारलं असतं, मुलगी इथं आहे, मग तू कोण? बादलीतला ओला चुना मी बोटानं त्या ओळीत भरू लागले. अक्षरं खोल होती. एक भरावं तर आधीचं पुन्हा दिसू लागे. दगड चुना पीत होता. ती ओळ मी तीनदा भरली.

क्लार्क आला. वरचं नाव वाचून त्यानं वहीत लिहिलं. "अन् खाली काय आहे?"

"वचन," मावशीच म्हणाली.

कबर राहिली.

परतताना तिनं माझा दंड धरला. हात गार होता.

"पोरी, ल्हानपनापासनं मला वाटतं, आईजवळ कुनीतरी आधीच निजलंय. मला जागा पुरंल ना?"

"पुरंल," मी म्हटलं.