कोकोपूला घातलेली कणीक

"मासा आपल्याकडे बघतो म्हणजे तो मागतो असं नाही," गौतमी तायडे एकदा म्हणाली होती. ऐकणारे हसले. वाक्य विनोदी नव्हतं. पण तिच्या गॅरेजात उभं राहून काचेकडे बघणाऱ्यांना त्या माशाबद्दल काहीही सांगितलं तरी हसूच यायचं.

गौतमी अकोल्याची. ऑकलंडला शिकायला आली, फूड टेक्नॉलॉजी केलं, ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम करू लागली. कारखान्यामागे एक ओढा होता. २०१६ च्या हिवाळ्यात तिथे पाइप घालण्यासाठी यंत्रं आली आणि ओढ्याची डबकी झाली. तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका माओरी बाईने डबक्यातले मासे बादल्यांतून वरच्या झऱ्यात नेऊन सोडले. एकाच्या शेपटीला जखम होती. तो प्रवाहात टिकला नसता. तो गौतमीने घरी आणला.

कोकोपू. इथलाच, या बेटांचा मासा. रंग मातीचा, अंगावर फिकट पट्टे, खवले नाहीतच. ओल्या पानासारखी कातडी. दिवसभर लाकडाच्या ओंडक्याखाली अंधारासारखा बसून असायचा. त्याला थंड पाणी लागतं, सावली लागते, म्हणून टाकी गॅरेजात, गार फरशीलगत. वर घट्ट झाकण, कारण हा मासा उडी मारतो, ओली काच चढूनही जातो. नळाचं पाणी गौतमी आधी दिवसभर पिंपात ठेवून, क्लोरीन उडालं की मग घालायची. उन्हाळ्यात बाटल्यांत बर्फ करून त्या टाकीत तरंगत ठेवायची. खायला बागेतली गांडुळं, खिडकीवर आलेले पतंग, तेही एक दिवसाआड. दुकानातला कोरडा चुरा त्याने कधी तोंडात धरला नाही. जे हलतं तेच तो खायचा. संध्याकाळी पाण्यावर एक पतंग पडायचा, खालून सावली उठायची, पतंग नाहीसा व्हायचा. त्या क्षणासाठी गौतमी कामावरून थेट घरी यायची.

ओळखीची मराठी मंडळी यायची आणि मासा बघून निराश व्हायची. रंग नाही, रूप नाही. अल्बनीला राहणारी तिची मैत्रीण नीता म्हणाली, ठेवायचाच तर सोनेरी ठेव, आणि गॅरेजात काय, हॉलमध्ये ईशान्येला ठेव. नीताचा नवरा मकरंद वाकून बघत म्हणाला, "तळला तर चौघांत एक तुकडा येईल." ऑफिसात आपलं नाव कुणी धड उच्चारत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुरकुरणारी ही माणसं. ज्याचा हा देश आधीपासून होता त्याचं नाव यांतल्या एकानेही विचारलं नाही. 'तुझा तो गटारातला' असंच म्हणत राहिले.

जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, गौतमी आणि तिचा नवरा प्रणय आठवडाभर टाउपो तळ्याकडे गेले. किल्ली नीताकडे दिली. नीता परकी नव्हती. प्रणय हॉस्पिटलात होता तेव्हा रोज डबा पोचवणारी तीच. गौतमीने तिला दोनच गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी बर्फाची बाटली बदल. खायला काहीही घालू नकोस, तो आठवडाभर सहज राहतो.

नीता नाशिकची. लहानपणी दर शनिवारी आईबरोबर गोदावरीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालायची. बंद घरात एक जीव उपाशी आणि किल्ली आपल्याकडे, हे तिला सोसवेना. तिने कणीक मळली, तुपाचा हात लावला, गोळ्या सोडल्या. माशाने ढुंकून पाहिलं नाही. लाजत असेल, असं वाटून दुसऱ्या दिवशी आणखी सोडल्या. मग आणखी.

गौतमीने दार उघडलं तेव्हा गॅरेजात आंबूस वास होता. पाणी ताकासारखं. झाकणाला आतून तुपाचा ओशटपणा. तिने कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपत त्याला बाहेर काढलं. ओंडक्याभोवती कणीक फुगून, बुरशी धरून पडली होती. त्याने एकही गोळी खाल्ली नव्हती. त्याला न लागणाऱ्या अन्नाने त्याचं पाणी सडवलं होतं.

तिने फोन केला. नीताचा आवाज मऊ झाला. घरातला मासा मरतो तेव्हा घरावर येणारी पीडा तो स्वतःवर घेतो, वाईट वाटून घेऊ नकोस. प्रवासात काही झालं होतं का? प्रणयने शेजारून सांगून टाकलं की टाउपोच्या वळणावर एक ट्रक अंगावर येता येता वाचलो. झालं. पुरावा मिळाला. आठ दिवसांत ओळखीच्या प्रत्येक घरात तो ट्रक पोचला.

केवढी सोय आहे ही. मारणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही, आणि मेलेल्याला मेल्यावरही आपल्या कामाला जुंपता येतं. गौतमीच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन असलं सगळं मागे टाकलं होतं. प्रणयच्याही आजोबांनी. घरात त्या दिवसाचा फोटो होता, हारासकट.

नंतर एका शनिवारी अल्बनीला नीताच्या घरी जेवण होतं. पंधरा-वीस माणसं. श्रीखंड वाढून झाल्यावर नीता आतून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तीत दोन सोनेरी मासे. टाळ्या पडल्या. नीताने पिशवी पुढे केली.

गौतमीने हात पुढे केला नाही.

"नीता, कणीक तू घातलीस. पाणी सडलं आणि तो मेला. 'माझ्या हातून मेला', एवढं म्हण. मला दुसरं काही नको."

नीताचे डोळे भरले. "मुक्या जीवाला उपाशी ठेवू कशी गं? तेच पाप झालं असतं. आणि शेवटी त्याने तुमचं भलंच केलं ना?"

"अगं, कोर्ट भरवलंस की काय?" मकरंद म्हणाला. "श्रीखंड गरम होतंय." लोक हसले. कुणीतरी म्हणालं की मासाच तर होता, हे दोन किती छान आहेत बघ.

गौतमीने प्रणयकडे पाहिलं. ती टाकीची काच पुसत होती तेव्हा तो शेजारी उभा होता. फुगलेली कणीक त्याने स्वतःच्या हाताने बादलीत भरली होती. त्याच्या एका वाक्याची गरज होती. बाकीचेही त्याच्याकडेच बघू लागले होते.

प्रणयने चमच्याने श्रीखंड सारखं केलं.

"तसं बघितलं तर," तो म्हणाला, "ट्रक अगदी अंगावरच आला होता, गौतमी."

नीता अजून पिशवी धरून उभी होती. गौतमीने ताट ओट्यावर ठेवलं, दाराशी जाऊन पायात चपला सरकवल्या, आणि बाहेर पडली.