मिठाची जागा

आमच्याकडे पान वाढताना आधी मीठ वाढतात, ताटाच्या वरच्या कडेला, मधोमध. हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून मला वरून मीठ बंद आहे, पण बायकोच्या हाताला ते अजून उमगलेलं नाही. आजही तिने चिमूट भरली, हात ताटापर्यंत आला आणि थबकला. मीठ पुन्हा बरणीत टाकून तिने लिंबाची फोड वाढली, नेहमीसारखी डावीकडे.

दुधीची भाजी जवळजवळ अळणीच होती. छातीचे टाके ओढतात, म्हणून मी सावकाश जेवत होतो. अशा जेवणाचा सुरुवातीला रागच यायचा. आता दुधीलाही स्वतःची गोडी असते हे कळू लागलंय. इतकी वर्षं मी भाजी खात होतो की नुसतं मीठ, कोण जाणे.

तरी नजर त्या मोकळ्या जागेकडे जात राहिली.

"अगं, लिंबू तरी मध्ये सरकव. ताट ओकंओकं दिसतं."

ऑपरेशन चालू होतं तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर एकटीच बसून होती. त्याबद्दल ती कधी बोललेली नाही. आताही तिने मान वर केली नाही.

"राहू दे तेवढी जागा रिकामी," ती म्हणाली. "घरात तेवढीच रिकामी झाली. तेवढ्यावरच भागलं माझं."