रविवारचं पाव चाक

सबनीसकाका स्वतःचं नाव सांगण्याआधी समोरच्याच्या टायरचं वय सांगायचे. हडपसरच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो, त्या दिवशी हे सद्गृहस्थ माझ्या गाडीपाशी उकिडवे बसले होते. टायरवरचे चार आकडे बोटाने चाचपत म्हणाले, "पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आठ वर्षं झाली, अहो! नक्षी शाबूत आहे म्हणून खूश होऊ नका. रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. आपण कोण?"

त्यांच्याकडे एक पांढरी गाडी होती, पण चालवायच्या त्या मालतीकाकू. काकांनी जन्मात स्टिअरिंग धरलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली. दर रविवारी दहाला माझी बेल वाजायची. "चला, पाव चाक." सगळा भार टायरच्या एकाच जागेवर बसू नये म्हणून मी गाडी चाकाच्या पाव फेऱ्याइतकी ढकलायची आणि काकांनी खडूची रेघ मारायची. मग हवा तपासायची, साबणाच्या पाण्याने टायर पुसायचे, ऊन लागू नये म्हणून चारही चाकांवर जुन्या चादरी टाकायच्या. एकदा मी हौसेने टायरचं पॉलिश नेलं. काका म्हणाले, "यांना लग्नाला न्यायचंय का? तेलकट चमकेनं रबर सुकतं. तुमच्या बुटांना लावा."

मी नाटकातल्या भीमासारखे हुंकार देत ढकलायचो. काका हसायचे नाहीत, खडूच्या रेघेकडे बघायचे. काकूंचं नावही कधी घ्यायचे नाहीत. बोलायचे ते बसचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात.

दिवाळीत नागपूरहून त्यांची मुलगी वृंदा आली. तिनं बॅटरी बदलून घेतली, दोन्ही मुलांना मागे बसवलं आणि म्हणाली, "बाबा, गाडी मी नेते. नुसती उभीच तर आहे."

मला कुठे गप्प बसवतंय? "बिनधास्त न्या! टायर बघा, नवे कोरे! काकांची करामत!"

काकांनी मागचं दार उघडलं. मग म्हणाले, "पोरांनो, उतरा खाली."

"का, बाबा?"

"टायर अकरा वर्षांचे आहेत. आकडे आतल्या बाजूला आहेत, म्हणून कुणाला दिसले नाहीत. मला माहीत होतं."

"मग इतकी वर्षं हे सगळं कशासाठी?"

"याच चाकांवर तिनं गाडी आणून इथं लावली होती."

टायरवाल्याला फोन त्यांनीच केला. नव्या चार टायरांचे आकडे स्वतः वाचले. "आकडे बाहेरच्या बाजूला," एवढंच त्याला सांगितलं. जुने टायर टेम्पोत चढण्याआधी ओल्या फडक्याने पुसून दिले. दुसऱ्या दिवशी गाडी नागपूरला गेली.

पुढच्या रविवारी दहाला बेल वाजली. दारात काका. मी त्यांच्यामागे खाली गेलो. रिकाम्या जागेत खडूच्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या.

"काका, आज काय ढकलायचं?"

त्यांनी घड्याळ पाहिलं.

"काही नाही. दहा वाजले होते."