दुसऱ्या बाकावरची झोप

गीतांच्या पुस्तकाचा कणा माझ्या खांद्यात रुतला. एकदा. मग दुसऱ्यांदा, जोरात. डोळे उघडले तर समोर चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्षाबाई उभ्या. हातात पुस्तक, चेहऱ्यावर हसू. माझ्या तोंडातून लाळ गळून पदरावर ओला डाग पडला होता. तो त्यांनी बघितला, मी बघितला आणि शेजारी बसलेल्या माझ्या मुलीनेही बघितला.

तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मी विसरून गेले असते. पण त्या तरातरा पुढे गेल्या, माईक हातात घेतला आणि म्हणाल्या, "आपल्यातल्या काही भगिनी देवाच्या घरात घोरायला येतात. ही धर्मशाळा नाही. अशा आईकडून मुलांनी काय शिकायचं?"

लोक हसले. सगळे नाही, पण मला ऐकू जाईल इतके हसले. माझी एस्तेर अकरा वर्षांची. ती बाकावर वीतभर लांब सरकली. मग आणखी वीतभर. मग उठली आणि तीन बाकं पुढे, मैत्रिणीच्या घरच्यांमध्ये जाऊन बसली. तिथून तिने मागे वळून पाहिलं नाही. खांद्याचं दुखणं दोन दिवसांत गेलं, हे अजून आहे.

तो मातांचा रविवार होता. सगळ्या आयांना एकेक गुलाब दिला होता. पुढे फळ्यावर प्रवचनाचा विषय लिहून त्याला झेंडूची माळ घातली होती. विषय होता, देवाच्या प्रीतीत आईचा विसावा. विसाव्यावरचं प्रवचन चालू असताना एक दमलेली आई विसावली, म्हणून तिला ढोसून उठवलं. मंडळीला हसायचंच होतं तर ह्यावर हसायला हवं होतं.

मी जागी का राहू शकले नाही ते सांगते. सबब म्हणून नाही. ज्यांना माहीत नाही त्यांना माहीत व्हावं म्हणून.

चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरी जोडते. कंत्राटी कामगार, चार वर्षं झाली. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या वाटपापायी ती कधीतरी ठरली, आम्हाला कुणी विचारायला आलं नव्हतं. वाकडच्या टॉवरमधल्या माणसांना रविवारी सुट्टी, आम्हाला गुरुवारी. त्यामुळे ह्या भागातल्या ख्रिस्ती कामगाराला देव आणि सुट्टी एकाच दिवशी मिळत नाहीत.

फर्स्ट शिफ्ट घेतली तर रविवारी सकाळी मी मशीनवर. सेकंड घेतली तर उपासना मिळते, पण रोज संध्याकाळी घरात मी नाही. माझा नवरा नव्या गाड्या वाहून नेणारा ट्रेलर चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सासूबाईंना मोतीबिंदू. रात्री पोरीजवळ झोपायला त्या भक्कम आहेत, पण गॅसजवळ त्यांना एकटं सोडता येत नाही. राहिली थर्ड शिफ्ट, रात्री बारा ते सकाळी सात. जी टाळायला बायका सुपरवायझरपुढे रडतात, ती मी मागून घेतली. डोकं ठिकाणावर आहे का, असं त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, रविवारी सकाळी मला चर्चला जायचंय.

शनिवारची शिफ्ट संपली की मी कंपनीच्या बाथरूममध्ये युनिफॉर्म बदलून साडी नेसते. बस पावणेआठला डांगे चौकात सोडते. तिथे एस्तेर वेणी घालून, पुस्तक हातात धरून उभी असते. तिथून आम्ही चालत जातो. पहिलं गीत मी उभी राहून म्हणते. दुसरंही म्हणते. प्रार्थनेला डोळे मिटते ते उघडतेही. प्रवचनाला मात्र बसायचं असतं. वर पंखा फिरत असतो, आणि मग माझं काही चालत नाही.

चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब, त्यांना हे सगळं ठाऊक होतं. अध्यक्षाबाईंनी कधी विचारलंच नाही. त्या मंडळीतल्या बाकीच्या बायकांना अहो-जाहो करतात. मला पहिल्या दिवसापासून अगं.

त्या रविवारनंतरच्या बुधवारी संध्याकाळी तिघं आमच्या थेरगावच्या खोलीवर आले. पाळकसाहेब, अध्यक्षाबाई आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीचे एक वयस्कर सभासद. सलाम झाला. मी शेजारून दोन खुर्च्या आणल्या, चहा ठेवला. बाईंनी चहाला हात लावला नाही. त्या मोरीकडे बघत होत्या, पलंगाखालच्या डब्यांकडे बघत होत्या. मग त्यांनी मला गेथशेमाने बागेतली गोष्ट सांगितली. प्रभू दुःखात होता तेव्हा शिष्य झोपले आणि प्रभूने त्यांना विचारलं की तुम्हाला एक तासही जागं राहता येत नाही का. मी ती गोष्ट पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. तरी मान खाली घालून ऐकली.

कमिटीचं म्हणणं असं होतं. पुढचा रविवार प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचा. त्याआधी मी मंडळीपुढे उभं राहून पश्चात्ताप व्यक्त करायचा. मगच मला भाकर मिळेल. पाळकसाहेब मऊ आवाजात म्हणाले की दोनच वाक्यं बोला, विषय मिटून जाईल. चांगला माणूस आहे. त्यांच्या चांगुलपणाचा मला आजवर काहीएक उपयोग झालेला नाही.

उठता उठता बाई म्हणाल्या, "आणि गुरुवारी तुला सुट्टी असतेच. चार गुरुवार चर्च झाडायला-पुसायला येत जा. सेवा केली की आळस जातो."

माझी आई नेवाशाकडे मिशनच्या बंगल्यात झाडू मारायची. तिची आईही. त्याआधी आमची माणसं गावाचे रस्ते झाडायची. बाप्तिस्मा झाला, नावं बदलली, देव बदलला. झाडू तोच राहिला. आईने मला दहावीपर्यंत शिकवलं ते एवढ्यासाठीच की माझ्या हातात तो येऊ नये. आणि बाईंचं मूळ गावही तिकडचंच आहे. त्या ते सांगत नाहीत. त्यांच्या आजोबांना मिशनच्या शाळेत बसायला मिळालं आणि माझ्या आजोबांना मिशनच्या गाई राखायला मिळाल्या. आमच्यातला फरक एवढाच, आणि एवढ्यावर त्या माझ्या घरात येऊन मला आळशी म्हणून गेल्या.

आणि मी काय म्हटलं? "बरं, बाई."

हो, मी तेच म्हटलं. जिभेला वळणच पडलंय. त्या जिना उतरून गेल्या तेव्हा एस्तेर दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने मला विचारलं, "आई, तू आळशी आहेस का?"

ती चिडवत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी आठवड्यातल्या सहा रात्री उभी राहून काम करते आणि माझ्या पोटच्या पोरीला हे विचारावं लागलं. मला राग आला. बाईंवर आला, कमिटीवर आला, सगळ्यात जास्त माझ्या त्या 'बरं, बाई'वर आला.

पलंगावरून सासूबाई बोलल्या. त्यांना दिसत नाही, पण शास्त्र त्यांना तोंडपाठ आहे.

"त्यो एलिया संदेष्टा झुडपाखाली झोपला व्हता न्हवं? दमून, मरायला टेकला व्हता. देवदूतानं त्याला हलवून उठिवलं. कशापायी? ताजी भाकर द्यायला. त्यानं खाल्ली, पानी प्याला आन् पुन्हा झोपला. देव म्हनला का त्याला, आळशी हाय म्हनून?"

  ते माझ्या डोक्यात राहिलं.

शुक्रवारी कामावर मी वंदनाला हे सांगितलं. ती लाईनवर माझ्या शेजारी असते, बौद्ध आहे, चर्चशी तिचा संबंध नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की इथे मशीनवर तुला कधी डुलकी लागली का. मी म्हटलं, चार वर्षांत एकदाही नाही. मग तिथेच कशी लागते, असं म्हणून ती तिच्या कामाला लागली.

मी मात्र त्या प्रश्नाला चिकटून राहिले. कंपनीत मी जागी असते कारण डुलकी लागली तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. बसमध्ये जागी असते कारण मागच्या सीटवरच्या पुरुषांचे हात कुठे जातील ह्याचा भरवसा नाही. घरी दिवसा झोपते तेव्हाही एक कान उघडा असतो. दूध, पाणी, सासूबाईंची काठी, शाळेचा फोन. मी कुठेच पुरती झोपत नाही. फक्त त्या बाकावर. कारण तिथे बसल्यावर मला वाटतं की आता कुणीतरी माझ्याकडे बघतंय आणि ते मला हाकलणार नाही. पोरीचं, घराचं, माझं जे काही व्हायचं ते आता त्याच्या हातात आहे, तासभर तरी. लहान मूल आईच्या मांडीवर झोपतं ते तिला कंटाळून नाही झोपत. प्रवचनात देवाच्या प्रीतीबद्दल जे काही सांगत होते ते मला त्या बाकावर आधीच मिळालेलं होतं. आणि तेच माझ्याकडून पुस्तकाने ढोसून काढून घेतलं.

हे कळलं तेव्हा मला रडू आलं नाही. संताप आला. चांगला, थंड संताप.

रविवारी मी साडी नेसले नाही. कंपनीचा करडा शर्ट, पँट, जड बूट, गळ्यात ओळखपत्र, तशीच बसमधून उतरले. एस्तेरने विचारलं, साडी कुठंय. मी म्हटलं, पिशवीत आहे. ती माझ्या दोन पावलं मागून चालत आली.

प्रभुभोजनाआधी पाळकसाहेबांनी सांगितलं की एका भगिनीला काही बोलायचं आहे. मी मागून दुसऱ्या, माझ्या नेहमीच्या बाकापाशी उभी राहिले. माईक घ्यायला गेले नाही. लाईनवर मशीनच्या वर आवाज काढायची सवय आहे.

मी म्हटलं, "मी रात्रभर काम करून इथे येते. कंपनीत मला झोप येत नाही, कारण तिथे मला भीती वाटते. इथे झोप येते, कारण इथे भीती वाटत नाही. ह्याचा मला पश्चात्ताप नाही. चर्च झाडायची सगळ्यांची पाळी लावा, त्यात माझीही लावा. शिक्षा म्हणून मी झाडू हातात धरणार नाही."

अध्यक्षाबाई पहिल्या बाकावरून वळल्या. "अगं, खाली बस."

"अहो म्हणा, बाई."

ह्यावेळी कुणी हसलं नाही.

पाळकसाहेबांनी पुस्तकात बघत भोजनाची प्रार्थना सुरू केली. भाकरीचं तबक घेऊन ते वयस्कर सभासद आले, तेच जे आमच्या खोलीवर चहा पिऊन गेले होते. माझ्यापाशी आले आणि पुढे सरकू लागले. मी हात लांब करून तबकाची कड धरली. त्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी मान वर केली नाही. मी एक तुकडा उचलला. ती भाकर कमिटीने भाजलेली नाही आणि ती देण्यासाठी ज्याने जीव दिला तो माझ्यासाठीही मेला. द्राक्षरस घेतला. खाली बसले. शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा मला झोप लागली, आणि मला उठवायला कुणी आलं नाही.

घरी जाताना एस्तेर म्हणाली की सगळे आपल्याकडे बघत होते. मी म्हटलं, बघू देत.  तिने माझा हात धरला असं मी सांगणार नाही, कारण धरला नव्हता.

पंधरा दिवसांनी पंचकमिटीचं पत्र आलं. मंडळीची शिस्त मोडल्याबद्दल माझं नाव यादीतून कमी का करू नये, ह्याचा खुलासा करायला सभेला हजर राहावं. सभा गुरुवारी, सकाळी अकरा वाजता.

वायरी दाबून दाबून माझी बोटं चिरली आहेत, जास्त लिहिवत नाही. मी एस्तेरला वही घ्यायला सांगितलं आणि उत्तर सांगितलं. गुरुवारी माझी सुट्टी असते. गुरुवारी मी झोपते. मी सभेला येणार नाही. नाव काढायचं असेल तर रविवारी काढा, सगळ्यांसमोर, कारण सांगून. मी तिथेच बसलेली असेन.

तिने सुंदर अक्षरात लिहिलं. मग मी सांगितली नसताना तिने खाली एक ओळ वाढवली. तसदीबद्दल क्षमस्व.

मी म्हटलं, ते खोड. ती म्हणाली, "आई, अर्जात लिहावंच लागतं. नाहीतर टीचर मार्क कापतात."

"कापू देत," मी म्हटलं. "दमण्याची माफी ह्या घरातून आता कुणाला जाणार नाही. कंपनीला नाही, चर्चला नाही. तूही मोठी झालीस की मागायची नाही."

तिने पट्टी ठेवून एक बारीक रेघ मारली. रेघेखालचा 'क्षमस्व' शब्द अजून वाचता येत होता. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि कागद फाटेपर्यंत तो शब्द खोडला. मग सही केली.