अण्णांच्या रेषेतलं वळण

आधी माझी बाजू मांडून घेते...

मी गेली बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. जी गोष्ट पुन्हा करून दाखवता येत नाही, ती मी मानत नाही – मग तो बग असो, नाहीतर "परवाच तर मी भांडी लावली होती" म्हणणारा नवरा असो. नागपूरला आमच्या शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणायचे. त्याच चिंचेच्या चिंचा खाऊन मी पाच वर्षं दात आंबवून घेतले. हडळीनं कधी वाटा मागितला नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळं वाटतंय. तरी लिहिते.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहतो, वूस्टरच्या शेजारी. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात माझे सासरे, अण्णा, कराडहून आमच्याकडे आले. वय एक्याऐंशी. जन्मभर पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि त्या गेल्यात हे अण्णा मधूनमधून विसरायला लागले होते. "तिचा चहा झाकून ठेव गं," म्हणायचे. पहिल्यांदा मी समजावून सांगितलं. तेव्हा ती बातमी त्यांना नव्यानं कळली... ते तोंड मला पुन्हा बघायचं नव्हतं. नंतर मी निमूट चहा झाकून ठेवायला लागले.

माझी लेक रेवा, तेव्हा पंधरा वर्षांची. तिनं शाळेत लॅटिन घेतलंय. (मराठी बाराखडी "टू हार्ड" म्हणून 'ठ'पाशी सोडली होती, हे मी विसरलेले नाही.) तिला एक प्रोजेक्ट आलं – एखादा जुना रोमन रस्ता नकाशावर शोधून काढायचा आणि वाटेतल्या गावांच्या नावांचे अर्थ लावायचे. तिनं लंडनपासून वायव्येला जाणारा एक रस्ता निवडला. कारण काय, तर तो इंग्लंडातल्या मूळच्या श्रूजबरीच्या अलीकडे दोन-तीन कोसांवर संपतो.

"रस्ता" हा शब्द कानावर पडला आणि अण्णा सोफ्यावरून उठले. त्यांनी मिलिंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि टू-एच पेन्सिली आणायला पिटाळलं. रेवानं नकाशे छापून चिकटवले. अण्णांनी वर ट्रेसिंग पेपर पसरला आणि माझ्या नव्या डायनिंग टेबलात सरळ ड्रॉइंग पिना ठोकल्या.

"अण्णा, टेबल लाकडाचं आहे हो!"

"मग? पिना काय लोखंडात टोचू?"

पण ते दोन आठवडे घर हसतं झालं. रेवा नाव वाचायची, अर्थ सांगायची. 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार, 'स्ट्रॅट' म्हणजे फरसबंदी रस्ता. 'सेस्टर' म्हणजे लष्कराची छावणी.

"म्हणजे आपलं पुण्यातलं कॅम्प," अण्णा म्हणाले. "हे बघ रेवा, रस्ता उखडला, नांगरला, वर घरं बांधली, तरी नाव जात नाही. आमच्याकडे एक टोलनाका चाळीस वर्षांपूर्वी उठला. लोक अजून तिथंच उतरतात, 'नाका' म्हणून."

"दॅट्स सो कूल, आजोबा."

सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवायचं नाही. पण एकोणीसशे कुठल्याशा सालच्या डांबराचा हिशेब मात्र तोंडपाठ होता.

मग शेवटचा टप्पा आला. शेवटच्या दीड मैलाचा नकाशा त्यांनी रेवाकडून मोठा करून छापून घेतला आणि त्यावर वेगळा कागद लावला. त्यावरची रेषा बघून रेवा टेबलावर वाकली. छापील नकाशावर रस्ता पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता. अण्णांची रेषा मध्येच डावीकडे वळली होती... एका उंचवट्याला वळसा घालून, बारीक ओढा ओलांडून पुन्हा सरळ. वळणाच्या पोटात एक वर्तुळ होतं आणि त्यात टिंब.

"आजोबा, रोमन रोड्स आर स्ट्रेट."

"असतील. इथं वळण आहे."

"अण्णा," मी म्हटलं, "खाली बघा ना. नाहीये वळण. रेषा वाकडी झालीये."

"वाकडी नाही वैशाली. रस्ता उगाच वळत नाही. आणि हा मैलाचा दगड."

मी काय करावं? कागदाचा फोटो काढला आणि मिलिंदला पाठवला. खाली लिहिलं – "बघ. आता हातही गेला." त्या आठवड्यात आमचं दोघांचं तेच चाललं होतं. अण्णांना इथं एकटं ठेवायचं की कराडला नणंदेकडे लवकर पाठवायचं, आणि तिथे घराबाहेर पडू द्यायचं की नाही. माझं म्हणणं, लवकर पाठवायचं आणि बाहेर सोडायचं नाही; तो फोटो माझ्या बाजूचा पुरावा होता. पेन्सिली उचलून मी वरच्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. अण्णा कागदावरून हात फिरवत बसले.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी, माझी एक मीटिंग लांबली. अडीच वाजता बाहेर येऊन बघते तर सोफा रिकामा. जॅकेट खुंटीवर. बूट नाहीत, काठी नाही.

हाका मारल्या, गॅरेज बघितलं. अण्णांचं फिरणं म्हणजे मेलबॉक्सपर्यंत, फार तर कोपऱ्यापर्यंत – त्यापलीकडे एकटे कधीच नाहीत. मी गाडी काढली, सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या, रूट नाईनपर्यंत जाऊन आले. मिलिंद बॉस्टनहून निघाला. पोलिसांना फोन केला. एक शांत पोलीसबाई आल्या, त्यांनी विचारलं, "त्यांनी काय घातलंय?" आणि माझ्या तोंडून आलं, "स्वेटर." फक्त स्वेटर... बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. साडेचारला अंधार पडतो इथे.

साडेतीनला रेवा शाळेतून आली. तिला सांगितलं तेव्हा ती टेबलापाशी उभी होती आणि तो कागद अजून तिथेच पिनांनी टोचलेला होता. खालचे नकाशे तिनं केव्हाच शाळेत नेले होते. नुसती रेषा उरली होती. ती बघत राहिली.

"मॉम," ती म्हणाली, "आय रन धिस."

"काय?"

"क्रॉस-कंट्रीला आम्ही इथे धावतो. ऑर्चर्डच्या मागे. ही टेकडी... हा ओढा... इथे लेफ्ट. मॉम, धिस इज द ट्रेल!"

मला तिच्यावर ओरडायचं होतं, वेडी आहेस का म्हणून. पण माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. पोलीसबाईंनी कागदाचा फोटो घेतला आणि आम्ही तिघी निघालो.

ऑर्चर्डमागे गाडी लावून दहा मिनिटं रानातून चालत गेलो. रेवा पुढे धावत होती. ओढा आला, ओलांडला. उंचवटा आला. वाट डावीकडे वळली, आणि त्या वळणाच्या पोटात अण्णा बसले होते. मांडी घालून, मफलर कानाला बांधून, केसांत बर्फ. शेजारी पानांचा ढीग, हातानं उपसलेला. मधोमध कललेला, गुडघाभर उंचीचा एक दगड. अक्षरं झिजलेली, पण वरचा ठसठशीत इंग्रजी 'बी' दिसत होता.

"उशीर केलात," अण्णा म्हणाले. "किती वेळ थांबायचं माणसानं?"

मी माझा कोट त्यांच्यावर टाकला आणि त्यांना घट्ट धरलं. सासऱ्यांना मिठी मारण्याची आमच्याकडे पद्धत नाही. त्या दिवशी मोडली.

"अण्णा, इथे का आलात हो? हरवला असता तर?"

"दगडापाशी थांबलेला माणूस हरवत नाही. आमच्या मैलकुलींना मी हेच सांगायचो. वाट चुकली की दगड गाठा आणि बसा. मुकादम येतोच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मुकादम वाटत नाहीस. पण चालेल."

हॉस्पिटलात एक रात्र ठेवलं. बोटं सुन्न झाली होती, बाकी ठीक. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर उशीर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं.

पुढे गावातल्या इतिहासाची आवड असलेल्या एका वयस्कर बाई तो दगड बघायला आल्या. त्या म्हणाल्या, 'बी' म्हणजे बॉस्टन; तिथून येणारा जुना टपालरस्ता एकेकाळी इथूनच वळायचा. पुढे तो सरळ केला आणि वळण रानात गेलं. बाकीचे दगड रस्त्याकडेला उभे आहेत, त्यांच्याकडे यादी आहे. हा यादीत नव्हता.

आता माझं काम. मी सगळं तपासलं. रेवानं त्यांना ट्रेल कधी दाखवली होती का? नाही. फोनवर, टीव्हीवर? त्यांना रिमोटसुद्धा माझ्याकडून चालू करून घ्यावा लागायचा. छापील नकाशा शाळेतून परत आणून कागद त्यावर ठेवला. सगळीकडे रेषा केसाच्याही फरकाशिवाय जुळते, फक्त ते वळण सोडून. आणि मिलिंदला पाठवलेल्या माझ्या त्या मेसेजवर तारीख आहे. अण्णा हरवण्याच्या तेरा दिवस आधीची. माझ्याच पुराव्यानं माझी केस पाडली.

अण्णांना एकदा विचारलं होतं मी, ते कराडला परत जाण्याच्या आधी. "खाली वळण नव्हतं अण्णा. मग काढलंत कशावरून?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी माझ्या नव्या ज्युनिअरकडे बघते.

"अगं, ट्रेसिंग पेपर कशासाठी असतो? खालचं वर दिसावं म्हणून."

तो मेसेज मी मिलिंदला त्याच्या फोनमधून डिलीट करायला लावला. माझ्या फोनमध्ये ठेवलाय. नणंदेला सांगितलं, अण्णांना रोज फिरायला ने. आवडेल त्या रस्त्यानं.

आता ते मला ओळखत नाहीत. व्हिडिओ कॉलवर "बाई" म्हणतात. परवा मी तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी त्यांच्या बाजूनं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि रेषेवरून हळूहळू नेलं. वळणावर बोट थांबलं, हे नणंदेनं शेजारून सांगितलं.

"बाई," ते म्हणाले, "इथं माझी सून येणार आहे. जरा बसतो."

आमच्या धंद्यात अशा बगसमोर 'पुन्हा घडला नाही' असं लिहून तो बंद करतात. मी अजून लिहिलेलं नाही.