जिताड्याच्या डोक्याला टिकलेलं पातं

सातवी सुरी जमली तेव्हा मी हवेत होते. आधीच्या सहांबद्दल न बोललेलं बरं. पहिलीने केळंसुद्धा दाबूनच कापावं लागायचं आणि चौथीची मूठ दुसऱ्याच दिवशी वेगळी होऊन हातात आली. सातवीने मात्र वर्तमानपत्राचा कागद हवेतल्या हवेत कापला. तेव्हा मी तेवीस वर्षांची, दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरवर पाइपलाइनचे नकाशे काढणारी. मला वाटलं, झालं, आता आपण लोहार.

ही विद्या मी मोबाइलवरच्या व्हिडिओंतून उचलली होती. आधी कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर विटा रचल्या आणि आईचा केस वाळवायचा ड्रायर भात्यासारखा वापरला. पाण्याच्या टाकीवर काजळी बसली तशी सेक्रेटरींची नोटीस लागली. मग रबाळ्यात ट्रकच्या स्प्रिंगा दुरुस्त करणारे एक काका भेटले, मूळचे साताऱ्याकडचे. रविवारी त्यांची भट्टी रिकामी असायची. "बोटं तेवढी सांभाळ, बाकी काय जळायचं ते जळू दे," एवढंच ते म्हणाले.

सुरी जमली की ती दाखवायला माणूस लागतं. आई म्हणाली, "छान आहे," आणि जुन्याच सुरीने कांदा चिरत राहिली. म्हणून मी ती घेऊन मासळी बाजारात गेले. तिथे आमची नेहमीची मावशी बसायची, इथल्याच गावठाणातली. लहानपणापासून तिनेच आमची मासळी साफ करून दिलेली. तिने सुरी उलटसुलट करून पाहिली.

"बाय, ही घेऊन वाघ मारायला चाललीस का?"

आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मला ते झोंबलं. तिच्या पुढ्यातल्या विळीचं पातं झिजून निम्मं झालं होतं. मी म्हटलं, "मावशी, तुझी विळी दे मला. अशी करून देते की वर्षभर धार लावायला नको."

ती सहजासहजी देईना. शेवटी म्हणाली, "सोमवारी ने. सोमवारी लोकांचा वार असतो, बाजार सुना. पन बुधवारी मना पायजे."

सोमवारी मी रजा काढली. काका कामाला बाहेर गेले होते. भट्टी माझ्यावर सोडली होती, विचारायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला विचारायचंही नव्हतं. पातं लालबुंद तापवलं आणि तेलात बुडवून कडक केलं. काका याला पाणी देणं म्हणतात, भांड्यात तेल असलं तरी. नंतर पातं पुन्हा हलकं तापवावं लागतं, नाहीतर ते काचेसारखं कडकडीत राहतं. सुऱ्यांना मी हे आईच्या केकच्या ओव्हनमध्ये करायची. विळीलाही तेच केलं, उलट धार जास्त कडक राहावी म्हणून थोडं कमीच तापवलं, कारण वर्षभराची बढाई मारून बसले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

बुधवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी विळी पोचवली आणि कौतुक ऐकायला तिथेच थांबले. पापलेटं लोण्यासारखी कापली गेली. मग एकाने जिताडा घेतला, चांगला हातभर लांब. मावशीने पाटावर पाय रोवला, दोन्ही हातांनी त्याचं डोकं पात्यावर ठेवलं आणि अंगाचा भार दिला. टक्कन आवाज झाला. पातं बुडापासून तुटून माशांच्या टोपलीत पडलं.

तिला लागलं नाही, हे माझं नशीब. तिने तुटकं पातं बाजूला ठेवलं, शेजारणीची विळी मागून घेतली आणि गिऱ्हाइकाचा मासा पुरा केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाय, तुजी हौस हाय. माजा धंदा हाय."

शेजारीण तरी स्वतःचं काम थांबवून विळी किती वेळ देणार? मी उभी होते तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं वाट बघून पलीकडे गेली. रविवार हा तिचा आठवड्याचा मोठा दिवस. त्याच्या आत नवी विळी हातात द्यायची, नाहीतर त्या बाजारात पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं मी ठरवलं. ऑफिसात फोन केला आणि शनिवारपर्यंतची रजा मागितली.

तुटकं पातं आणि पाट घेऊन मी थेट भट्टीवर गेले. काकांनी तुटलेला भाग बोटाने चाचपला. "पोरी, तू कधी विळीवर बसलीयस का?"

नव्हते बसले. आमच्या घरी सगळं ओट्यापाशी उभं राहून, सुरीने. मी सात सुऱ्या केल्या होत्या, पण विळीवर एक मिरचीसुद्धा चिरली नव्हती. त्या संध्याकाळी आईने माळ्यावरची विळी काढली, मला जमिनीवर बसवलं आणि पुढ्यात लाल भोपळा ठेवला. पहिल्याच फोडीला कळलं. सुरीत नुसता हात चालतो. विळी जागची हलत नाही, तिच्यावर अख्खा माणूस रेलतो, आणि तो सगळा भार जातो पात्याच्या बुडात. तिथेच मी तिला काच करून ठेवली होती. भोपळा चिरता चिरता मला रडू आलं. आईने ते पाहिलं आणि दुसरी फोड पुढे सरकवली.

गुरुवारी काकांनी ट्रकच्या स्प्रिंगची एक जुनी पट्टी काढून दिली. पहिलं पातं पाणी देताना वेडंवाकडं झालं. शुक्रवारी दुसऱ्याला बारीक तडा गेला. काकांनी ते दूर फेकलं आणि म्हणाले, "धारेलाच पाणी पाज. पाठ आणि बूड तेलाबाहेर राहू दे." शनिवारी तिसऱ्याची नुसती धार बुडवली. मग ते पुन्हा हलकं तापवलं, या वेळी कमी नाही. दुपारी काकांनी ते व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं, धनुष्यासारखं वाकवलं आणि सोडलं. पातं सरळ झालं. काकांनी फक्त मान हलवली, आणि मी भट्टीभोवती चक्क नाचले.

रविवारी पहाटे बाजार मांडायच्या आत मी हजर होते. मावशीने विळी माझ्या हातातून घेतली नाही. "खाली ठेव," म्हणाली. धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं म्हणतात. आमच्यात आधीच पुरेसं झालं होतं.

तिने पापलेटाला हातच लावला नाही. टोपलीतला सगळ्यात मोठा जिताडा उचलला, पाय रोवला आणि बुधवारपेक्षा जास्त भार दिला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा डोकं दोन भागांत पडलं होतं आणि ती दुसरा मासा घेत होती. पातं पुन्हा बघायची गरजही तिला वाटली नव्हती. अकरा वाजेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. तिच्यापुढे रांग होती, आणि ती रांग माझ्या पात्यावरून पुढे सरकत होती. इतका गर्व मला आयुष्यात कधी झाला नव्हता आणि तो मी लपवलाही नाही.

गर्दी ओसरली तशी शेजारणीने आपली विळी पुढे ढकलली. "माजी पन करशील का गो?"

मी काही बोलायच्या आत मावशीने ती विळी परत मागे सारली. "आज नाय. सोमवारी दे," ती तिला म्हणाली. "आमची पोरगी सोमवारीच घेते."