कर्दळीचा वाफा आणि पांढरा रुमाल

सांडपाण्याकडे इतक्या मायेने पाहणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर घरच्यांनी त्याला कार्याला नेणं केव्हाच बंद केलं असेल. पाणीपुरवठा खात्यातल्या माझ्या या जुन्या सहकाऱ्यांना मात्र लोक अजून बोलावतात आणि पस्तावतात. लग्नात सगळे जेवायला वळतात तेव्हा हे हात धुवायच्या नळांमागे शिरतात आणि वधूपित्याला गाठून विचारतात, "अहो, हे पाणी पुढे जातं कुठे?" त्या बिचाऱ्याला मुलगी कुठे जाते एवढंच ठाऊक असतं. खडकवासल्याला लोक धरणाकडे तोंड करून कणसं खातात. हे धरणाकडे पाठ करून कणीसवालीची बादली कुठे ओतली जाते त्यावर नजर ठेवतात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी धायरीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत पाण्याची जुनी टाकी आडवी कापून ठेवली, तिच्यात खडी भरली आणि कर्दळ लावली. भांड्यांचं पाणी एका टोकाने शिरतं, खडीतून आणि मुळांतून गाळलं जाऊन दुसऱ्या टोकाने निघतं. त्यात ते रोज संध्याकाळी पांढरा रुमाल बुडवतात, उजेडात धरतात आणि त्यानेच तोंड पुसतात. पाहुण्यांनाही आग्रह होतो. पाहुणे हल्ली कमी येतात. वहिनी म्हणतात, "लोकांच्या बाल्कनीत तुळस असते." "तुळशीला खरकटं झेपत नाही," हे म्हणतात. मग न चुकता माझ्याकडे वळतात, "इथे स्वच्छ येतं, मग तिथे का नाही आलं?" मी चहाच्या कपात बघत बसतो. कारण उत्तर मला माहीत आहे.

तिथे म्हणजे कोकणात, खाडीकाठच्या एका चिमुकल्या गावी. गावाचं सांडपाणी खाडीत जाई आणि तिथेच बायका खायला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत. यांनी खडीचा मोठा वाफा करून त्यात केळी आणि कर्दळ लावली. पाणी नितळ येऊ लागलं. उद्घाटनाची व्यवस्था माझ्याकडे होती. आमच्या कार्यालयात सत्यनारायणाशिवाय नळाची तोटीसुद्धा उघडत नसे. चौरंगाला केळीचे खुंट हवेत, मांडवाच्या दाराला हवेत, आणि बाजार लांब. मी सकाळीच वाफ्यातल्या केळी मुळासकट उपटल्या. कमान बोडकी दिसली म्हणून कर्दळही. कडेच्या रांगा तेवढ्या ठेवल्या, म्हणजे वाफा भरलेला दिसावा. तळाचा गाळ ढवळला गेला, हे माझ्या गावीही नव्हतं. भटजींनी मांडवाचं फार कौतुक केलं.

दुपारी बड्या पाहुण्यांसमोर यांनी रुमाल बुडवला. काळाकुट्ट निघाला. सरपंच शांतपणे म्हणाले, "सायेब, यापरीस आमचं गटार बरं व्हतं." सगळे हसले. मीही हसलो. हे एवढंच म्हणाले, "माझंच गणित चुकलं." आठवड्याभरात वाफा बुजवला गेला, पाणी परत खाडीत सुटलं आणि यांना कार्यालयात 'कर्दळीवाले' नाव पडलं. ती न झालेली चूक शोधत ते आजवर वह्या भरत आले.

परवा मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला रुमाल पिळला.

"म्हणजे गणित बरोबर होतं."

"होतं."

"मुळासकट कशाला उपटलीत हो? कापली असती तर पुन्हा फुटली असती."

मग रुमाल माझ्या हातात दिला. इतकी वर्षं मी तो टाळत आलो होतो. मी तोंड पुसलं. कसलाही वास नव्हता. ते बाल्कनीतून खाली, फाटकाबाहेरच्या नाल्याकडे बघत म्हणाले, "त्या बायका अजून तिथेच वेचत असतील, नाही?"